दुभत्या गाईच्या आहारातील पूरक द्रव्ये आणि दुधाची प्रत : एक विवेचन

गोषवारा :

दुभत्या गाईच्या खुराकात अल्प प्रमाणात मिसळल्या जाणाऱ्या पूरक द्रव्यांचा वापर महाराष्ट्रातील संकरित गाईंच्या गोठ्यांत आता नित्याचा झाला आहे. खाण्याचा सोडा, यीस्ट, बायपास फॅट, खनिज मिश्रण आणि विषबंधक ही त्यांतील प्रमुख होत. प्रस्तुत लेखात या द्रव्यांचे गाईच्या पोटातील कार्य व दुधावरील परिणाम स्पष्ट केले आहेत. दुधाचा भाव ज्या दोन आकड्यांवर ठरतो, त्या आकड्यांत यांपैकी कोणते परिणाम उमटतात आणि कोणते उमटत नाहीत, याचाही विचार येथे केला आहे.

बीजसंज्ञा : पशुआहार, कोठीपोट, पूरक द्रव्ये, फॅट, एसएनएफ, अफ्लाटॉक्सिन

प्रस्तावना :

ग्रामीण महाराष्ट्रात दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ मिळणारी पावती ही दूध उत्पादकाच्या घरातील सर्वांत काळजीपूर्वक वाचली जाणारी मुद्रित वस्तू असावी. तिच्यावर लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर असे चार आकडे असतात. त्यांतील फॅट म्हणजे स्निग्धांश, आणि एसएनएफ म्हणजे स्निग्धांश व पाणी वगळून उरणारे प्रथिन, दुग्धशर्करा व क्षार यांचे घनपदार्थ. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मानकानुसार गाईच्या दुधात किमान ३.२ टक्के फॅट आणि ८.३ टक्के एसएनएफ असावे लागते. राज्यातील खरेदीच्या व्यवहारात मात्र ३.५ आणि ८.५ ही पायरी धरली जाते. जुलै २०२४ पासून राज्य शासनाने गाईच्या दुधासाठी प्रतिलिटर ५ रुपयांचे अनुदान दिले, तेही याच प्रतीच्या दुधाला धरून होते. या पायरीच्या खाली उतरणाऱ्या प्रत्येक दशांशामागे दरात कपात होते.

होल्स्टीन फ्रिजियन रक्ताच्या संकरित गाईचे फॅट मुळातच या पायरीच्या आसपास घुटमळते. पावतीवर ३.५ ऐवजी ३.२ चा आकडा आला की उत्पादक पशुखाद्याच्या दुकानात जातो आणि 'फॅट वाढविणारी पावडर' मागतो. दुकानदारही त्याला एखादी पुडी देतो. या पुडीत काय आहे आणि ते कोणत्या उणिवेवर काम करते, हा प्रश्न या व्यवहारात सहसा विचारला जात नाही. वस्तुतः पूरक द्रव्य हा विशिष्ट आहारातील विशिष्ट उणिवेवरचा उपाय असतो. ती उणीव गोठ्यात नसेल, तर द्रव्य कितीही उत्तम असले तरी त्याचा खर्च वाया जातो. काही वेळा ते अपायही करते.

कोठीपोट आणि दुधाची घडण :

गाईच्या जठराचे चार कप्पे असतात : कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. यांपैकी कोठीपोट हे शंभर लिटर वा त्याहून अधिक क्षमतेचे किण्वनपात्रच होय. तेथे असंख्य जीवाणू, आदिजीव आणि बुरशी चारा कुजवितात. गाय स्वतः कडबा पचवू शकत नाही, तो हे सूक्ष्मजीव पचवितात. त्यातून निर्माण होणाऱ्या बाष्पशील आम्लांवर आणि पुढे खऱ्या पोटात व लहान आतड्यात पचणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या प्रथिनावर गाय जगते. म्हणूनच गाईला खाऊ घालणे म्हणजे आधी कोठीपोटातील सूक्ष्मजीवांना खाऊ घालणे, असे पशुपोषणशास्त्रात म्हटले जाते.

या आम्लांतील तीन महत्त्वाची आहेत. वैरणीतील तंतूपासून प्रामुख्याने ॲसिटिक आम्ल तयार होते. ब्युटिरिक आम्लासह तेच कासेत स्निग्धांश घडविण्याचा कच्चा माल ठरते. दुधातील स्निग्धांशाचा सुमारे निम्मा भाग अशा रीतीने कासेतच तयार होतो व उरलेला रक्तातील स्निग्ध पदार्थांतून येतो. धान्यातील पिष्टापासून प्रोपिऑनिक आम्ल अधिक निर्माण होते. यकृतात त्याचे ग्लुकोज बनते आणि ग्लुकोजपासून कासेत दुग्धशर्करा. दुधात शर्करा जितकी येईल तितके पाणी ती ओढून घेते, म्हणून दूध किती लिटर मिळणार हे बव्हंशी तिच्यावर ठरते. याच कारणाने दुधातील शर्करेचे शेकडा प्रमाण जवळजवळ स्थिर राहते. एसएनएफ घसरते ते बहुधा प्रथिन कमी झाल्याने, आणि प्रथिन कमी होते ते बहुधा आहारातील ऊर्जा अपुरी पडल्याने. एसएनएफ वाढविण्याची हमी देणाऱ्या पुडीविषयी साशंक राहण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

खाण्याचा सोडा आणि यीस्ट :

निरोगी कोठीपोटाचा सामू साधारणतः ६ ते ६.८ च्या दरम्यान राहतो. तो राखण्याचे काम लाळ करते. मोठी दुभती गाय दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ निर्माण करते आणि त्या लाळेत बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याच्या सोड्यातीलच आम्लरोधक घटक असतो. लाळ सुटते ती रवंथ करताना, आणि रवंथ होते ते लांब तंतूची वैरण पोटात असेल तर. कडबाकुट्टी यंत्रातून वैरण फार बारीक निघाली, दूध काढताना एका दमात चार-पाच किलो भरडा वा पेंड समोर आली, की रवंथ घटते व आम्ल वाढते. सामू ५.८ च्या खाली वारंवार आणि बराच वेळ राहू लागला की तंतू पचविणारे जीवाणू मंदावतात. ॲसिटिक आम्ल घटते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आहारातील तेलाचे कोठीपोटात होणारे रूपांतर वाट बदलते. त्यातून निर्माण होणारे 'ट्रान्स-१०, सिस-१२' या प्रकारचे लिनोलिक आम्ल दिवसाला काही ग्रॅम एवढ्या अत्यल्प प्रमाणातही कासेतील स्निग्धांशनिर्मिती रोखते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या डेल बाऊमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास हे दाखवून दिले. फॅट पडते ते गाईच्या पोटात चरबी कमी गेल्यामुळेच, ही सर्वसाधारण समजूत त्यामुळे मागे पडली.

अशा गोठ्यात सोडियम बायकार्बोनेट खरोखर उपयोगी पडते. दिवसाला १०० ते २०० ग्रॅम सोडा खुराकात मिसळल्यास सामू सावरतो आणि फॅट वर येते. एप्रिल-मे महिन्यांत त्याची गरज अधिक असते. उन्हाने धापा टाकणारी गाय श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड गमावते, तिच्या तोंडातून लाळ गळून जाते आणि वैरणीवरची तिची वासना उडते. आम्ल वाढण्याची व ते शमविणारा घटक आटण्याची वेळ एकच येते. मात्र मुख्यतः कडब्यावर व हिरव्या वैरणीवर असलेल्या, दिवसाला सहा-सात लिटर दूध देणाऱ्या गाईच्या कोठीपोटात आम्लाचा प्रश्नच नसतो. तिला दिलेल्या सोड्याने पावतीवरचा आकडा हलत नाही.

येथे एक सावधानता नोंदविणे आवश्यक आहे. गव्हाणीत घातलेला सोडा हे पोषण होय. तोच सोडा नासू लागलेल्या दुधाची आंबटता झाकण्यासाठी कॅनमध्ये घातला तर ती भेसळ असते व कायद्याने गुन्हा ठरते. गाईने खाल्लेला सोडा दुधात सोडा म्हणून उतरत नाही.

यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हे किण्व, निराळ्या मार्गाने काम करते. कोठीपोटात वैरणीबरोबर शिरणारा थोडाफार ऑक्सिजन ते वापरून टाकते, त्यामुळे ऑक्सिजनविरहित अवस्थेतच वाढणाऱ्या तंतुपाचक जीवाणूंना अनुकूलता लाभते. लॅक्टिक आम्ल फस्त करणाऱ्या जीवाणूंनाही ते उत्तेजन देते. फ्रान्समधील संशोधकांनी २००९ साली अशा अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात शरीरवजनाच्या प्रतिकिलो सुमारे १.२ ग्रॅम दूध वाढल्याचे आढळले. ४५० किलो वजनाच्या गाईस हा हिशेब लावला तर दिवसाला सुमारे अर्धा लिटर होतो. फॅटमधील वाढ ०.०५ टक्के एवढी किरकोळ होती आणि प्रथिनात फरक नव्हता. उपयोग आहे, पण जाहिरातीच्या मानाने बेताचा. शिवाय यीस्ट जिवंत असावे लागते. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळाभर पडून राहिलेल्या पाकिटातील किती पेशी जिवंत उरल्या असतील, हे पाकिटावरच्या आकड्यावरून कळत नाही.

बायपास फॅट आणि मोनेन्सिन :

साधे तेल खुराकात अधिक घातले तर ते तंतुपाचक जीवाणूंना मारक ठरते. यावर तोडगा म्हणून पाम तेलातील स्निग्धाम्ले कॅल्शियमशी जोडून त्यांचा साबणासारखा क्षार बनविण्याची पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेतील ओहायो येथे विकसित झाली. हा क्षार कोठीपोटात विरघळत नाही आणि खऱ्या पोटाच्या तीव्र आम्लात फुटतो, म्हणून त्यास 'बायपास' म्हणतात. गंमत अशी की कोठीपोटच आम्लमय झाले असेल, तर हा क्षार तेथेच फुटू लागतो. आम्लतेमुळे फॅट पडलेल्या गाईस सोड्याऐवजी बायपास फॅट देणारा उत्पादक म्हणूनच दुहेरी तोटा सोसतो.

या द्रव्याचे खरे स्थान व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत आहे. त्या काळात दूध भराभर वाढते, पण भूक मागे राहते आणि गाय अंगावरील मांस-चरबी झिजवून दूध देते. दिवसाला १०० ते २०० ग्रॅम बायपास फॅट दिल्यास ही झीज काही अंशी थांबते आणि गाय वेळेवर माजावर येण्यास मदत होते. वेताच्या उत्तरार्धात दहा लिटरवर आलेल्या गाईला केवळ फॅटसाठी ते देण्याचा हिशेब वेगळा ठरतो. दहा लिटर दुधाचे फॅट ३.३ वरून ३.५ वर नेणे म्हणजे दुधातील स्निग्धांश दिवसाला सुमारे २० ग्रॅमने वाढविणे. त्यासाठी १५० ग्रॅम बायपास फॅट खर्ची पडते. उरलेली ऊर्जा वाया जात नाही, ती गाईच्या अंगी लागते, पण उत्पादकाने पैसे मोजले ते दशांशासाठी. त्यातही आहारात चरबी वाढली की दुधातील प्रथिनाचे शेकडा प्रमाण किंचित घटते. एका आकड्यात मिळविलेले दुसऱ्या आकड्यात थोडेफार गमवावे लागते.

मोनेन्सिन हे आयनधारक प्रतिजैविक या दृष्टीने उद्बोधक उदाहरण आहे. ते कोठीपोटातील विशिष्ट जीवाणूंना आळा घालून प्रोपिऑनिक आम्लाचे प्रमाण वाढविते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात त्याने दूध दिवसाला ०.७ किलो वाढले, खाद्य किंचित कमी लागले आणि फॅट मात्र ०.१३ टक्क्याने उतरले. अमेरिकेने दुभत्या गाईंसाठी त्यास २००४ मध्ये परवानगी दिली. युरोपीय संघाने वाढवर्धक म्हणून प्रतिजैविकांचा वापर १ जानेवारी २००६ पासून बंद केला, त्यात तेही गेले. एकाच पुराव्यासमोर दोन खंडांनी दोन निर्णय घेतले, कारण एकाने खाद्याची बचत पाहिली व दुसऱ्याने प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंचा धोका. हे द्रव्य घोड्यांना अत्यल्प मात्रेतही प्राणघातक असते, एवढे सांगितले म्हणजे ते हाताच्या अंदाजाने मिसळण्याची वस्तू नव्हे हे ध्यानी यावे.

पावतीवर न उमटणारी खनिजे :

एक लिटर दुधात सुमारे १.२ ग्रॅम कॅल्शियम असते. आहारात ते कमी पडले तरी दुधातील प्रमाण घटत नाही. गाय आपल्या हाडांतून ते पुरविते. त्यामुळे खनिज मिश्रण देणे बंद केले तरी फॅट आणि एसएनएफचे आकडे महिनोन्महिने जसेच्या तसे राहतात, आणि खर्च आटोक्यात आणताना पहिली कात्री याच पिशवीला लागते. परिणाम दिसतात ते वर्षभराने. गाय उलटू लागते, मुका माज दाखविते, व्याल्यावर जार अडकतो. भाकड काळ लांबतो. हे नुकसान कोणत्याही पावतीवर छापून येत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यात या प्रश्नाला स्थानिक बाजू आहे. गाळप हंगामात उसाचे वाढे स्वस्त व मुबलक मिळते आणि अनेक गोठ्यांत पाच महिने तीच मुख्य वैरण असते. वाढ्यात ऑक्झॅलेट भरपूर असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते व गाईस मिळू देत नाही. कोठीपोटातील जीवाणू सरावाने काही ऑक्झॅलेट मोडतात, पण सगळे नव्हे. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याचा सल्ला पशुवैद्यक देतात तो याचसाठी. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रदेशवार खनिज मिश्रणांची कल्पना पुढे आणली, तिचेही मूळ येथेच आहे. जमीन व वैरण बदलली की खनिजांची उणीवही बदलते.

मात्र हेच कॅल्शियम अवेळी दिले तर उलटते. गाईच्या रक्तद्रवात एका वेळी जेमतेम ३ ग्रॅम कॅल्शियम असते, तर व्याल्यानंतरच्या दहा लिटर चिकात सुमारे २० ग्रॅम निघून जाते. हा खड्डा भरण्यासाठी हाडांतून कॅल्शियम काढणारी यंत्रणा आधीच जागी असावी लागते. गाभण काळाच्या अखेरच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमचा मारा केला तर ही यंत्रणा निजून राहते आणि व्याल्यावर गाय दुग्धज्वराने बसते. (या रोगात ताप नसतो. अंग उलट थंड पडते, त्यामुळे नाव दिशाभूल करणारे आहे.) याच तीन आठवड्यांत खाण्याचा सोडाही अपायकारक ठरतो, कारण तो रक्ताचा आम्ल-अल्क समतोल अल्काकडे झुकवितो आणि कॅल्शियम मोकळे करणाऱ्या संप्रेरकास हाडे व मूत्रपिंडे नीट दाद देत नाहीत. या काळात त्याच्या नेमके विरुद्ध गुणाचे ऋणायनी क्षार दिले जातात. बहुसंख्य गोठ्यांत मात्र दुभत्या आणि गाभण गाईंचा खुराक एकाच घमेल्यात कालविला जातो.

अफ्लाटॉक्सिन आणि विषबंधक :

आतापर्यंतचा विचार उत्पादकाच्या नफ्यातोट्याचा होता. पुढील बाब दूध पिणाऱ्याची आहे. ओलसर साठवणुकीत सरकी पेंड, शेंगदाणा पेंड व मका यांवर ॲस्परजिलस बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन बी-१ निर्माण करते. गाईच्या यकृतात त्याचे एम-१ मध्ये रूपांतर होते व ते दुधात उतरते. खाल्लेल्या विषाचा साधारण १ ते ३ टक्के, अधिक दूध देणाऱ्या गाईंत ६ टक्क्यांपर्यंत अंश दुधात येतो. दूध उकळल्याने तो नष्ट होत नाही. दुधातील केसिन प्रथिनाशी त्याची जवळीक असल्याने पनीरसारख्या पदार्थांत तो अधिक दाट होतो.

भारतात दुधातील एम-१ ची कमाल मर्यादा प्रतिकिलो ०.५ मायक्रोग्रॅम आहे. युरोपात ती याच्या एकदशांश, म्हणजे ०.०५ आहे. समजा, गाय दिवसाला पाच किलो खुराक खाते आणि त्यात प्रतिकिलो २० मायक्रोग्रॅम बी-१ आहे. पोटात १०० मायक्रोग्रॅम गेले. त्याचे दोन टक्के, म्हणजे २ मायक्रोग्रॅम, दहा लिटर दुधात विभागले की लिटरमागे ०.२ येते, हे भारतीय मर्यादेच्या आत आहे. पेंड पावसाळ्यात भिजून विष पाचपट झाले, तर लिटरमागे १ मायक्रोग्रॅम होते आणि मर्यादा दुपटीने ओलांडली जाते. या दुधाचे फॅट ३.६ व एसएनएफ ८.६ असू शकते, आणि त्याला पूर्ण भाव मिळू शकतो.

ही भीती काल्पनिक नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८, म्हणजे ५.७ टक्के नमुन्यांत एम-१ मर्यादेबाहेर आढळले. दुधात पाणी व युरिया शोधण्याकडे जनमताचे लक्ष असताना हा निष्कर्ष तुलनेने दुर्लक्षित राहिला. बेंटोनाइटसारख्या चिकणमातीचे विषबंधक खुराकात मिसळल्यास अफ्लाटॉक्सिन तिच्या थरांत अडकून शेणावाटे निघून जाते व दुधातील अंश लक्षणीय घटतो. बुरशी लागलेली पेंड थांबविल्यास तीन-चार दिवसांतही तो झपाट्याने उतरतो. प्रश्न एवढाच की विषबंधकाचा खर्च उत्पादकाने करायचा आणि त्याचा लाभ शहरातील अपरिचित बालकास व्हायचा, अशी ही रचना आहे. दरपत्रकात या खर्चाला जागा नाही. ती नसताना उत्पादकाच्या जागरूकतेला दोष देणे सोपे असले तरी न्याय्य म्हणता येत नाही.

मिथेन कमी करणाऱ्या पूरकांविषयी हीच अडचण अधिक उघड होते. खाद्यातील ऊर्जेचा सरासरी ६ टक्क्यांच्या आसपास भाग मिथेनरूपाने ढेकरेवाटे जातो. ३-नायट्रोऑक्सिप्रोपॅनॉल या द्रव्यास युरोपीय संघाने २०२२ मध्ये व अमेरिकेने २०२४ मध्ये मान्यता दिली. त्याने मिथेन साधारण तीस टक्के घटते, दूध मात्र फारसे वाढत नाही. आपल्याकडे बंगळूरु येथील राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया संस्थेने 'हरित धारा' हे वनस्पतिजन्य पूरक विकसित केले आहे.

परिणाम पडताळण्याची अडचण :

एखाद्या द्रव्याचा गोठ्यात उपयोग झाला की नाही, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. पाच गाईंचे दूध एकाच कॅनमध्ये जाते, आणि पावतीवरचा आकडा त्या कॅनचा असतो. एक गाय आटत आली की दूध घटून तिचे फॅट आपोआप चढते. दुसरी नुकतीच व्याली की सरासरी हलते. पहिला पाऊस पडून उकाडा कमी झाला, तरी फॅट वर येते. त्याच आठवड्यात पावडर सुरू केलेली असेल, तर श्रेय पावडरीला जाते. पडताळणी करायची तर वैरण व खुराक तसाच ठेवून एकच द्रव्य बदलावे लागते, निदान तीन आठवडे थांबावे लागते आणि प्रत्येक गाईचे दूध स्वतंत्रपणे तपासावे लागते. त्याआधी काही गोष्टी नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. निवांत बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करीत नसतील, शेण पातळ, फेसाळ व अख्ख्या दाण्यांचे असेल, तर आम्लतेचा संशय घ्यावा आणि प्रथम कुट्टीची लांबी व खुराकाची विभागणी सुधारावी. दोन वेळचा खुराक चार वेळा विभागून देण्यास पैसे पडत नाहीत.

गाईवार फॅट तपासण्यासाठी लागणारी गर्बर पद्धत शतकाहून जुनी आहे. गंधकाम्ल, अमाइल अल्कोहोल, ब्युटिरोमीटर नळ्या आणि केंद्रोत्सारी यंत्र एवढीच तिची सामग्री आहे. रसायनशास्त्र वा प्राणिशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयास ती उभी करणे अवघड नाही. ग्रामीण महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थी पहाटे धारा काढून वर्गात येतात. त्यांच्या गोठ्यातील प्रत्येक गाईचा नमुना स्वतंत्र बाटलीत, वेताची तारीख आणि खुराकाच्या नोंदीसह प्रयोगशाळेत येऊ शकतो.